अकरा चामखिळी

पहिली चामखीळ मला दिसली नाही. ती माझ्या हाताला लागली. मार्गशीर्षातली सकाळ होती. बोरिवलीच्या आमच्या रस्त्यावर शाळेच्या बसची वाट पाहत आम्ही दोघी उभ्या होतो, आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीची उजवी मूठ नेहमीसारखी माझ्या डाव्या तळव्यात होती. मुलाचा हात धरणे ही इतकी सवयीची गोष्ट असते की आपला तळवा तो हात सतत वाचत असतो आणि मनाला त्याचा पत्ताही नसतो. त्या सकाळी तळवा वाचता वाचता अडखळला. तिच्या तर्जनीच्या टोकाशी खसखशीच्या दाण्याएवढे काहीतरी कणखर होते. मी बोट उजेडाकडे वळवून पाहिले. त्वचेच्याच रंगाचा, किंचित चमकणारा एक कण. वाळू असेल म्हणून मी तो नखाने झटकला. तो निघाला नाही.

"तो पडणार नाही," लेक म्हणाली. "तो माझाच आहे."

"कधीपासून?"

"खूप दिवस. मी कुणाला दाखवत नव्हते."

बस आली आणि ती चढून गेली. माझ्या बोटांच्या टोकांवर मात्र तो कण दिवसभर राहिला, जिभेवर एखादी चव राहावी तसा.

खरे सांगायचे तर आरंभी मला त्या कणाचे कुतूहलच वाटले. जे शरीर मी नऊ महिने आत आणि सात वर्षे बाहेर निरखत आले होते, त्याने मला न विचारता स्वतःचे काहीतरी घडवले होते. पण कण एकटा राहिला नाही. संक्रांतीपर्यंत तीन झाले, आणि फाल्गुनात आम्ही मोजल्या तेव्हा अकरा चामखिळी होत्या : नऊ उजव्या हातावर, एक डाव्या अंगठ्यावर, आणि एक उजव्या गुडघ्यावर, सगळ्यांपासून दूर, एकटीच. जवळून पाहिले की प्रत्येकीचा माथा फ्लॉवरच्या इवल्या गड्ड्यासारखा फुललेला दिसे. नखाच्या कडेला उगवलेल्या दोघींनी नखालाही किंचित वर उचलले होते. तिला पेन्सिल धरताना दुखू लागले. ती पेन्सिल मधल्या बोटावर तोलून लिहायला शिकली आणि तिचे अक्षर डावीकडे झुकले.

शाळेत मैदानावर जाताना मुले जोडीने हात धरून रांग करतात. एके दिवशी तिने मला त्यातली नवी व्यवस्था एखादी साधी बातमी सांगावी तशी सांगितली.

"आता मी रांगेत शेवटी असते. एकटी."

"का गं?"

"माझी जोडीदार 'ईई' म्हणाली. मग टीचरने तिला दुसरी दिली." तिने थोडा विचार केला. "पण शेवटी बरं असतं. मागून कुणी ढकलत नाही."

मी शाळेत जाऊन बोलले, समजावले, आणि घरी येताना त्या अनोळखी मुलीवर मनात खूप रागावले. तो राग किती खोटा होता ते आठच दिवसांत उघड झाले.

संध्याकाळी आम्ही भाजी घेऊन परतत होतो. सिग्नलपाशी गर्दी होती, तिचा हात माझ्या हातात होता, आणि अचानक मला माझ्याच तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, काहीतरी खरखरीत जाणवले. क्षणभरच. नंतर पाहिले तर ते भाजीच्या पिशवीच्या बंदाने उठवलेले घट्टे होते. पण त्या क्षणी माझ्या हाताने माझ्याआधी निर्णय घेतला होता. चटका बसल्यासारखा तो मागे आला होता.

तिने वर माझ्याकडे पाहिले नाही. आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिले, आणि तो हात फ्रॉकच्या खिशात ठेवला. सिग्नल बदलला तेव्हा दुसऱ्या हाताने तिने माझ्या खांद्यावरच्या पर्सचा पट्टा धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला. मी म्हणाले, "हात दे ना." ती म्हणाली, "असंच बरंय." त्या दिवसानंतर ती रस्ता तशीच ओलांडू लागली. रुसवा नव्हता, अबोला नव्हता. मांडीवर येऊन बसे, गळ्यात पडे, पण हात मागितला की खिशात जाई. मला चामखिळी घालवायच्या होत्या, हे खरे. पण त्याहून अधिक मला तो हात परत हवा होता.

पार्ल्याहून माझ्या आईने फोनवर होमिओपॅथीच्या गोळ्या सांगितल्या. आमच्या माहेरी ताप, परीक्षा आणि अपेक्षाभंग या तिन्हींवर गोड गोळ्या चालत. लेकीने पहिल्याच दिवशी अर्धी बाटली संपवली, कारण त्या गोड होत्या. "काम लवकर होईल ना," असे तिचे म्हणणे. काम झाले नाही.

मग चैत्र आला आणि सासूबाईंच्या गावाहून ओल्या काजूंची पिशवी आली.

सासूबाई मालवणजवळच्या. सासरे गिरणीत होते तेव्हापासून त्या मुंबईत आहेत, पण त्यांची भाषा आणि त्यांचे हात गावाकडचेच राहिले. ओला काजू सालासकट कापताना आतून एक जहाल तेल सुटते. त्याला त्या डीक म्हणतात. तो कातडीला लागला तर कातडी जळते, म्हणून हातांना राख चोळून त्या विळीवर बसतात. लहानपणापासून हजारो काजू कापून त्यांच्या बोटांची टोके अशी झाली आहेत की गरम तव्यावरची भाकरी त्या चिमट्याविना उलटतात. त्या दुपारी स्वयंपाकघरात तेलाचा तो तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास भरला होता, आणि पाटीत सोललेले गर पहाटेच्या चंद्रासारखे फिकट आणि बाकदार पडले होते.

"ह्या डिकान जातली बघ," लेकीचा हात पाहत त्या म्हणाल्या. "आमच्या लहानपणी डॉक्टर खंय होते? काडयेन डीक लावायचो. चार दिसांनी काळी पडान गळायची."

"भाजेल ना, आई?" मी विचारले.

"भाजतला. घडीभर. मिरची लागता तसा."

मी नाही म्हणू शकले असते. पुस्तकांच्या घरात वाढलेल्या, प्रत्येक औषधाचा कागद वाचणाऱ्या माझ्यासारखीला नाही म्हणणे अवघड नव्हते. पण चार महिन्यांनी कुणीतरी पहिल्यांदाच "जातली" असे ठाम म्हटले होते, आणि त्या एका शब्दाने मी विरघळले. सासूबाईंनी उदबत्तीची काडी डिकात बुडवली. मी लेकीचे मनगट धरले.

पहिल्या थेंबाला ती गप्प राहिली. दुसऱ्याला म्हणाली, "आई, सोड." तिसऱ्याला पुन्हा म्हणाली, "सोड ना, आई." मी सोडले नाही. "झालं, झालं," म्हणत राहिले. नऊ थेंब होईपर्यंत मी ते मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवले.

जेव्हा धरायचा होता तेव्हा मी तो हात सोडला होता, आणि जेव्हा सोडायचा होता तेव्हा धरून ठेवला.

संध्याकाळपर्यंत थेंब लावले होते तिथे फोड आले. दुसऱ्या दिवशी पंजा पुरीसारखा फुगला, आणि झोपेत तिने तोच हात डोळ्याला लावल्यामुळे एक पापणीही. सासूबाई देवघरासमोर बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी उरलेले काजू न कापताच शेजारी देऊन टाकले.

त्वचेच्या डॉक्टरबाई स्टेशनच्या पश्चिमेला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर बसतात. साठीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणे तोडून. त्यांच्या खोलीत खालून येणाऱ्या साजूक तुपाचा आणि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. आम्ही तिघी गेलो.

"हे कोणी केलं?" हात पाहून त्यांनी विचारले.

लेक म्हणाली, "काजूने."

"काजू खायचे असतात, बाळा. घरात कुणाला माहीत नव्हतं का?"

"माका म्हायत होता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणान तर लायलंय."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांचे हात स्वतःच्या हातात घेऊन उलटसुलट केले. "आजी, ह्या हातांवर तुम्ही काहीही लावा, ते घाबरून पळेल. हिची बोटं बोरिवलीची आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी हात धरला होता," मी म्हणाले.

त्यांनी मलम लिहून दिले.

फोड बरे व्हायला दोन आठवडे लागले. नवी त्वचा आली, गुलाबी आणि पातळ, आणि तिच्याखालून चामखिळी जशाच्या तशा वर आल्या. एकही गेली नव्हती. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला त्यांच्या चिवटपणाची जरा धास्तीच वाटली. ज्या तेलाने तिची त्वचा जाळली, त्याने त्यांचे काहीच केले नव्हते.

मग थंड औषध सुरू झाले. डॉक्टरबाईंनी एक रुंद, चकचकीत थर्मास आणला, त्याचे झाकण काढले, आणि त्याच्या तोंडातून पांढरा धूर बाहेर पडून वर जाण्याऐवजी खाली सांडू लागला. तो टेबलावरून वाहिला, कडेवरून ओघळला, आणि जमिनीला पोचण्याआधी नाहीसा झाला. त्याला वास नव्हता, आवाज होता. अगदी बारीक, तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा. थंडीचा आवाज आगीसारखा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"हे काय आहे?" लेकीने विचारले.

"नायट्रोजन. आपण श्वासात घेतो ना, त्या हवेतलाच. फक्त इतका थंड केलाय की त्याचं पाणी झालंय."

"अंटार्क्टिकापेक्षा थंड?"

"खूपच."

"मग तो बोरिवलीत कसा राहतो?"

"त्यालाही तोच प्रश्न पडलाय. बघ ना, कसा पळतोय." डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा लावलेली काडी हातात घेतली. "दुखेल. खोटं सांगत नाही. चिमटा काढल्यासारखं, नंतर ठणकेल. नको असेल तर नको म्हण, घरी जा. हात कोण धरणार?"

मी पुढे झाले.

"कुणी नको," लेक म्हणाली.

तिने स्वतःच आपला हात टेबलावर ठेवला. बोटे पसरली. दुसरा हात मांडीखाली दाबून ठेवला. काडी टेकली की चामखीळ बर्फासारखी पांढरी होई, मग तिच्याभोवतीची त्वचा पांढरी होई, मग काही क्षणांत रंग कडेकडून परत येई. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण हात जागचा हलला नाही. मी दोन पावलांवर उभी राहून ते पाहत होते. माझ्या लेकीचे धैर्य मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले, आणि ते धैर्य माझ्याविना चालू शकते हेही मला त्याच वेळी कळले.

दर तीन आठवड्यांनी आम्ही गेलो. रोज अंघोळीनंतर घरी लावायचे एक औषधही होते. ते पांढरे होऊन वाळे, आणि तेही ती स्वतःच लावी, जीभ दातांत धरून, रंगकाम करावे तसे. पाच वेळा थंड औषध झाले. दोन चामखिळी गेल्या, आणि पाचव्या खेपेला करंगळीच्या कडेला दोन नव्या सापडल्या. पुन्हा अकरा.

"वाट लागली," लेक म्हणाली.

डॉक्टरबाईंनी थर्मासचे झाकण लावले. "आता थांबू या. गणपती, नवरात्र, दिवाळी होऊ द्या. मग या."

"म्हणजे ह्या जाणारच नाहीत?" मी विचारले.

"जातील. मी घालवीन असं म्हणत नाही, जातील म्हणते." त्या लेकीकडे वळल्या. "हे बघ. हे एका विषाणूचं काम आहे. तो अगदी वरच्या कातडीत, कोपऱ्यात लपून राहतो. तुझ्या शरीराला अजून पत्ताच लागलेला नाही की घरात कुणीतरी शिरलंय. मी थंडीने, औषधाने दार वाजवत होते. कधीतरी त्याला कळेल."

"कळल्यावर?"

"कळल्यावर माझी गरज नाही. सगळ्या एकदम जातात. ज्यांना मी हातही लावला नाही त्यासुद्धा."

"कधी कळेल?"

"ते मला कळत नाही," डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या अनुभवाने इतके शांतपणे 'कळत नाही' म्हणता येते, याचे मला त्या दिवशी फार अप्रूप वाटले.

काजूच्या प्रकारानंतर सासूबाईंनी चामखिळींविषयी एक अक्षर काढले नव्हते. परतल्यावर घराच्या जिन्यात त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "एक इचारू? मीठ टाकूक नेऊ चेडवाक? मिठान काय जळणा नाय."

त्यांच्या गावची रीत अशी होती : जितक्या चामखिळी तितके मिठाचे खडे विहिरीत टाकायचे, टाकताना पाठ करून उभे राहायचे, आणि खडा पाण्यात पडल्याचा आवाज कानी येण्याआधी तिथून निघायचे. मीठ विरघळते तशी चामखीळ विरघळते. पण बोरिवलीत आमच्या आसपास विहीर कुठली? सासूबाईंची धाकटी बहीण जोगेश्वरीला एका जुन्या चाळीत राहते. चाळीमागे अजून एक विहीर आहे. परवानगी मागणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी हो म्हणाले. या वेळी लेकीलाही विचारले. ती म्हणाली, "दुखणार नसेल तर चालेल."

नवरात्राआधीच्या रविवारी आम्ही गेलो. पावसाळा सरला होता आणि विहीर हाताला लागेल इतकी भरली होती. शेवाळ्याचा, ओल्या दगडाचा गार वास तिच्या काठापासून दहा पावलांवरूनच येत होता. पण विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली होती, आणि जाळीवर कुणीतरी पायपुसणी वाळत घातली होती.

"अगो, ती पायपुसणी काढ आधी," सासूबाई बहिणीला म्हणाल्या.

"माझी नाय ती. वरच्यांची. काढली तर भांडाण होतला."

"मगे सरकव. देवाच्या कामाक भांडाण कसला?"

"देवाचा काम नाय ता, तुझा काम. त्या काजयेसारख्या."

सासूबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि पायपुसणी स्वतः सरकवली. लेकीच्या डाव्या मुठीत मोजून अकरा खडे दिले. "पाठ कर. खांद्यावरसून मागे टाक. आणि मागे वळान बघूचा नाय, आवाज आयकूचा नाय. टाकलंस की चल."

तिने पाठ केली आणि मूठ उघडली. चार-पाच खडे जाळीवर टणटण आपटून तिथेच राहिले असावेत. उरलेले आत गेले. आम्ही तिघी मोठ्या ठरल्याप्रमाणे निघालो. दहा पावलांनी माझ्या लक्षात आले की लेक मागेच आहे. ती पाठ करून, मान किंचित तिरकी करून, अगदी स्तब्ध उभी होती. ऐकत होती.

"आयकलंस?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "गेला सगळा फुकट."

"पण पाण्याचा आवाज आलाच नाही, आजी," लेक म्हणाली. "मी खूप ऐकलं. काहीच नाही आलं."

सासूबाई क्षणभर विचारात पडल्या. "नाय इलो?"

"नाही."

"मगे झाला काम," त्या म्हणाल्या, आणि बहिणीकडे चहाला वळल्या.

मी मात्र ती तिथे ऐकत उभी असलेली विसरू शकले नाही. स्वतःच्या आतल्या कुठल्यातरी पाण्याकडे कान लावावा तशी ती उभी होती.

पुढे महिनाभर काही झाले नाही. मग दिवाळीच्या आठवड्यात ती एका सकाळी दात घासता घासता म्हणाली, "आई, खाजवतंय." मी पाहिले. तर्जनीवरची ती सगळ्यांत जुनी चामखीळ काळवंडली होती. दुसऱ्या दिवशी बाकीच्याही काळवंडल्या, जणू कुणी रात्रीतून सगळ्यांना एकच निरोप पोचवला होता. त्या रोज थोड्या बसत गेल्या. फुललेले माथे मिटले. कडा सुटल्या. पाडव्याच्या उटण्याच्या अंघोळीला एक तिच्या हातावरून सुटून आली आणि उटण्याच्या करड्या लगद्यात हरवली. आम्ही शोधलीही नाही. तीन आठवड्यांत दहा गेल्या. आणि मग एका दुपारी मला गुडघ्याची आठवण झाली. तिचा फ्रॉक वर करून मी पाहिले. त्या अकराव्या चामखिळीला कुणीच काही केले नव्हते. डीक नाही, नायट्रोजन नाही, पांढरे औषध नाही. तिथे आता फक्त एक फिकट वर्तुळ होते. बोट फिरवले तर तेही लागत नव्हते.

मी त्या गुडघ्याशी जमिनीवर बसून राहिले. मला देवळात बसल्यासारखे वाटत होते. या लहानशा देहात, तो वरणभात खात असताना, गणिते चुकवत असताना, झोपेत पाय झाडत असताना, कुणीतरी जागे झाले होते. त्याने आपले कोण आणि परके कोण हे ओळखले होते, आणि बोटापासून गुडघ्यापर्यंत एकही ठिकाण न विसरता फिरून आले होते. त्याला कुणी शिकवले नव्हते. मी तर नाहीच. मी त्याची आई असून मला त्याचे नावही धड ठाऊक नव्हते.

डॉक्टरबाईंकडे ठरल्याप्रमाणे गेलो. सासूबाई वाटेत म्हणाल्या, "त्यांका मिठाचा सांगू नको. उगाच वायट वाटतला." मी सांगितले नाही. लेकीने आत शिरताच सांगितले.

"अस्सं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग माझी फी विहिरीला द्या." पण त्या हसत होत्या. त्यांनी कपाटातून दिवा लावलेले एक छोटे भिंग काढले. "आता खरी तपासणी. वरून गेली म्हणजे गेली असं नसतं. चामखीळ असते ना, तिथे बोटाच्या रेषा बाजूला ढकलल्या जातात. रेषा परत आल्या, तरच ती गेली."

त्यांनी ते तर्जनीवर टेकवून पाहिले. मग दुसऱ्या बोटावर. मग काही न बोलता ते लेकीच्या हातात दिले. "तूच बघ."

ती बराच वेळ बघत राहिली. "शेतासारखं दिसतंय," ती म्हणाली. मग मला बघू दिले.

मी वाकले. उजेडाच्या त्या लहानशा गोलात तिच्या बोटाचे टोक पसरले होते, आणि त्यावर नांगरटीच्या चरांसारख्या रेषा एका मध्याभोवती वळत वळत जात होत्या. जिथे जवळजवळ वर्षभर तो कणखर दाणा बसला होता, तिथूनही त्या न थबकता पार झाल्या होत्या. एकही तुटलेली नव्हती.

"ह्या नव्या आल्या का?" मी विचारले.

"नव्या कुठून येणार? त्याच. पोटात चौथा महिना सुरू असतो ना, त्या सुमाराला उमटतात. मग जन्मभर त्याच. वरचं कातडं जळो, झिजो, खालून त्याच उमटतात."

चौथा महिना. पोटात काहीतरी आहे हे जगाला जेमतेम दिसू लागले होते, मी विद्यार्थ्यांच्या कवितांच्या वह्या तपासत पंख्याखाली बसे, आंबट काहीतरी खावेसे वाटे, आणि आत अंधारात, माझ्या नकळत, कुणीतरी इतक्या बारकाईने ही नक्षी कोरत होते. मी फक्त बसले होते. माझ्याकडून काहीच मागितले गेले नव्हते, फक्त बसून राहणे एवढेच. मी भिंग परत केले.

"आई," लेक म्हणाली, "तुझ्यापण आहेत?"

"असतीलच की."

"दाखव." तिने थांबून वाट पाहिली. "बोट दे ना तुझं."

मी हात पुढे केला. तिने तो आपल्या उजव्या हातात घेतला. तिची बोटे माझ्या बोटांभोवती मिटली, कोरडी, ऊबदार, आणि मला काहीच टोचले नाही. टोचले असते तरी चालले असते, असे माझ्या मनात आले. तिने माझी तर्जनी टेबलावर दाबून धरली, एक डोळा मिटला आणि भिंग टेकवले.

"तुझं शेत वेगळंय," ती हळूच म्हणाली. "माझं गोल आहे. तुझं नदीसारखं जातंय."

"बघू," मी वाकू लागले.

"हलू नकोस ना, आई. अजून झालं नाही माझं."

मागे सासूबाई आणि डॉक्टरबाई मिठाविषयी काहीतरी बोलत होत्या. मी हलले नाही.